दुसरं लग्न करायचंय? मग या

६ नोव्हेंबर, गुरुवार

तुळशीची लग्नं लागली, आता माणसांची. निदान तशी आशा. सकाळपासून आमच्या विवाह मंडळात आले ते दोन बाप. दोघांच्या हातात मुलांचे बायोडेटा, मुलांना पत्ता नाही. एकाने विचारलं, "मुलाला स्वतः यावं लागेल का?" म्हटलं, नको, लग्न तुमच्याशीच लावून देऊ.

संध्याकाळी निसारभाई. पुनर्विवाह मेळाव्याच्या हँडबिलाचं प्रूफ घेऊन. ७ डिसेंबरला हॉल मिळालाय. भाईंचा कसबा पेठेतला छापखाना आजोबांपासूनचा. पेठांतल्या निम्म्या लग्नपत्रिका तिथल्याच, माझ्या मुलीची, मृणालचीही. आता लोक पत्रिका मोबाइलवर पाठवतात, म्हणून भाईंनी साठीला मोबाइलवरच्या जाहिरातींचा कोर्स केला. म्हणाले, "शैलाताई, हँडबिलं लोक फडताळात अंथरतात. मोबाइलवर टाकू. पेपरातली जाहिरात सगळ्यांना दिसते. ही फक्त ज्याला हवी त्यालाच."

"कोणाला हवी हे त्या यंत्राला कोणी सांगितलं?"

"ज्याला हवी त्यानेच."

"आपण सांगितलंय हे त्याला ठाऊक असतं?"

"नाही. तीच तर मजा."

मजा म्हणे. विचार करून सांगते म्हटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

भाईंमुळे आज मुद्दाम लक्ष दिलं, मला कसल्या जाहिराती येतात ते. गुडघ्याचं तेल. केसांचा कलप. कमोडवर ठेवायची खुर्ची. "एकट्या ज्येष्ठ महिलांसाठी" काशी. आणि एक गृहस्थ हसत हसत विचारतात, तुमच्यामागे तुमच्या पैशाचं काय?

म्हणजे यंत्राच्या मते मी कोण, तर गुडघे गेलेली, केस पिकलेली, पैसेवाली विधवा. पैसे सोडून बाकी बरोबर. एवढं तर आमच्या जिन्यातल्या काळेबाईंनासुद्धा कळतं, आणि त्या फुकट सांगतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भाईंच्या छापखान्यात गेले. जाहिरात "सेट" करायला. पूर्वी छपाईचे खिळे जुळवायचे तिथे आता टेबल, त्यावर कॉम्प्युटर. वय विचारलं, भाग विचारला, बाई की पुरुष विचारलं. मी म्हटलं विधवा, विधुर, घटस्फोटित एवढं लिहा की. तसा रकाना नसतो म्हणे. यंत्र अंदाज बांधतं. कोण काय बघतं, कुठे थांबतं, काय वाचून पुढे सरकतं.

"म्हणजे चहाडखोर शेजारीण."

"पगारी शेजारीण," भाई म्हणाले.

मग मी त्यांना आमची पद्धत सांगितली. पुनर्विवाहासाठी नाव नोंदवलेल्या बाईच्या घरी मी कधी मंडळाच्या नावाने फोन करत नाही. सासू उचलते, दीर उचलतो. मी म्हणते, "ग्रंथालयातून बोलतेय, तुमचं पुस्तक आलंय." बाईला कळतं, स्थळ आलंय. घरच्यांना वाटतं, काय वाचते हो ही! इतकी वर्षं एकीचंही नाव बाहेर फुटलेलं नाही. "आणि तुमचं यंत्र चारचौघांत ओरडणार."

"ओरडत नाही ताई. ज्याच्या त्याच्या हातातल्या फोनवर येतं. कानात सांगितल्यासारखं."

मजकूर त्यांनी आणला होता. 'आयुष्याची नवी पहाट, सोनेरी वळणावर एक हात हातात.' फाडला. मी लिहून दिला: "दुसरं लग्न करायचंय? मग या. करायचं नसेल तर येऊ नका. नाश्ता मिळेल." खाली मंडळाचं नाव, माझं नाव, फोन. भाग: अख्खं पुणे, हडपसरपासून कात्रजपर्यंत. भाई हसले, पण तसंच टाकलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

फोन वाजतोय खरा. वाजवणारे कोण ते लिहून ठेवते.

एक: "नाश्त्याला काय आहे?"

दोन: "बायको अजून सोडलेली नाही मॅडम, पण येऊन बघून जाऊ का?" याला म्हटलं, बायकोलाही घेऊन या, तिलाही बघता येईल.

तीन, एक बाई, दबक्या आवाजात: "मला ही जाहिरात का आली हो? आमचे हे इथे शेजारीच बसलेत." म्हटलं, मग त्यांनाच विचारा. फोन आपटला.

चहा पिताना भाईंना हे सांगितलं तर मजेत म्हणाले, "बघा, यंत्र किती हुशार." मला तर ते त्या नाश्तावाल्याच्याच पातळीचं वाटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मात्र एक माणूस आला. धायरीपलीकडचे ज्ञानोबा. शेत होतं, त्यावर आता सोसायट्या आहेत. बायको जाऊन चार वर्षं, मुलं आपापल्या कामात. धोतर, टोपी, हातात मोबाइल, त्यावर माझी जाहिरात. दारातच उभे.

"ह्यात लिवलंय तसंच हाय ना? का आत गेल्यावर येगळं?"

"तसंच आहे. बसा."

"मग नाव लिवा. ते पहाट-बिहाट काय नव्हतं ह्यात, म्हून आलो." मग बसल्यावर, टोपी काढून: "पेठेतल्या मंडळात आपल्यासारख्याला कोण इचारतंय, आसं वाटायचं. हे आपलं आपल्या फोनवर आलं. म्हनलं, बलावलंय तर जावं."

त्यांना काय हवं? "बोलनारी पायजे. घरात टीव्हीच बोलतो निस्ता."

कबूल. हँडबिलाने हा माणूस आला नसता. त्यांच्याकडे ते पोचलंच नसतं, आणि पोचलं असतं तरी ते जिना चढले नसते. भाईंना हे सांगणार नाही, चढून बसतील.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कात्रजहून विहीणबाईंचा फोन. मृणालच्या सासूबाई. एरवी दिवाळी-संक्रांतीला दोन वाक्यं बोलतो आम्ही.

"अहो विहीणबाई, आपलं मंडळ अगदी जोरात दिसतंय."

मी खूश. म्हटलं, हो, मेळावा आहे.

"कळलं ना. काल मृणाल भाकऱ्या करत होती, ओट्यावर तिच्या मोबाइलवर काहीतरी चालू होतं. मध्येच आपलं नाव आलं. मला वाटलं आईचा फोन, म्हणून उचलून बघितला. 'दुसरं लग्न करायचंय? मग या.' मी म्हटलं, जाऊन ये बाई, आईनेच बोलावलंय."

हे सगळं आपण-आपण करत, आवाज न चढवता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, अहो सगळ्यांनाच जाते ती. म्हणाल्या, "मला नाही आली. तिच्या नवऱ्याला, अमेयला नाही आली. घरात तीन मोबाइल आहेत, आली ती फक्त सुनेला."

तशीच भाईंकडे. पायात कोणत्या चपला होत्या आठवत नाही. माझ्या मुलीला का गेली?

"वय बसतं. भाग बसतो. शिवाय ती तुमच्या मंडळाचं पान बघत असेल, म्हणून."

"किंवा?"

"किंवा काय?"

"तुम्ही 'किंवा' म्हणणार होतात."

भाईंनी चष्मा पुसला. "किंवा ती तसं काही शोधत असेल. मला कळायला मार्ग नाही ताई. यंत्र कारण सांगत नाही."

अख्ख्या शहराच्या उचापती करतं, आणि कारण विचारलं की गप्प.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस घालवून मृ.ला फोन केला. ती हसली. "आई, वेडी आहेस का! तुझं पान मी येता-जाता बघते, म्हणून आली असेल." जरा जास्तच लवकर हसली.

"मग सासूबाईंना सांग की तसं."

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, यंत्र उगाच कशाला सांगेल."

धन्य. या बाईंचा डॉक्टरवर विश्वास नाही, हवामान खात्यावर नाही, दूधवाल्यावर तर नाहीच. पण दोन रिकामटेकड्या व्हिडिओंच्या मध्ये आलेली जाहिरात म्हणजे ब्रह्मवाक्य.

"आणि अमेय? तो काय म्हणाला?"

"तो काही म्हणत नाही, आई."

फोन ठेवल्यावर ते वाक्य कानात राहिलं. मी विचारलं होतं, काय म्हणाला. तिने उत्तर दिलं, म्हणत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

अमेय आमच्याच मंडळातलं स्थळ. सहा वर्षं झाली. पगार, पत्रिका, चुलत्याचा मुतखडा, सगळं मी स्वतः पारखलं होतं. आमच्या धंद्यात 'मुलगा शांत आहे' म्हटलं की मुलीकडच्यांचे चेहरे उजळतात. 'बोलका आहे' म्हटलं तर विचारतात, म्हणजे नक्की काय?

भाईंना म्हटलं, कात्रज काढून टाका जाहिरातीतून. म्हणाले, काढतो, पण आता काढून काय? बरोबरच आहे त्यांचं, म्हणून जास्त राग आला.

७ डिसेंबर, रविवार

मेळावा झाला. उत्तम झाला, हे लिहिताना जीभ चावते आहे. हॉल भरला. निम्मे जण जाहिरात बघून आलेले. त्यांतले निम्मे उपमा बघून. एक जण दोनदा नाव सांगून दोनदा खाऊन गेला. एका गृहस्थाने व्यासपीठावर येऊन स्वतःच्या घराचं क्षेत्रफळ सांगितलं, स्वतःचं वय सांगायचं मात्र विसरला.

ज्ञानोबा इस्त्रीच्या धोतरात. त्यांच्याशेजारी सुनंदाबाई बसल्या, शाळेतून निवृत्त, नवरा जाऊन बरीच वर्षं. याही मोबाइलवर बघूनच आलेल्या. दोघं कोंबड्यांबद्दल बोलत होते. कोंबड्यांबद्दल माणूस इतका वेळ बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. ज्ञानोबा मध्येच माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, ही बोलतीया."

आणि मृणाल आली. न बोलावता. नावनोंदणीच्या टेबलावर बसली, सगळ्यांच्या छातीवर नावाचे बिल्ले लावत होती. मी घाबरून म्हटलं, तुला कोणी ओळखीच्यांनी इथे बघितलं तर? म्हणाली, "बघू दे." जाताना म्हणाली, "छान झालं गं. माणसं एकमेकांशी बोलत होती नुसती." हे कौतुक माझ्या मेळाव्याचं नव्हतं, एवढं मला समजलं.

१० डिसेंबर, बुधवार

मृ.चा फोन. "शनिवारी येते. राहायला."

"किती दिवस?"

"बघू."

१३ डिसेंबर, शनिवार

आली. दोन बॅगा. मूलबाळ नाही, त्यामुळे सामान एकटीचंच. पण बॅगेतून लॅपटॉपखाली ठेवायचा तो उंच स्टँड निघाला. तो कोणी दोन दिवसांसाठी आणत नाही.

मी विचारलं, "चहा?" ती म्हणाली, "हो." झालं आमचं बोलणं.

परक्या मुलाच्या आईला मी तोंडावर विचारते, याचं आधी कुठे जमलं होतं का, मोडलं का, कोणी मोडलं. तीस वर्षं विचारते आहे. आणि पोटच्या मुलीपुढे माझ्या तोंडून 'चहा'.

विचारलं आणि तिने सांगितलं, तर ते खरं होईल. त्यापेक्षा पोहे करावेत.

१६ डिसेंबर, मंगळवार

माझ्या मोबाइलला काय झालंय? गुडघ्याचं तेल गायब. सकाळी उघडला तर: 'वारज्यात एक बेडरूम, एकट्या नोकरदार महिलेस प्राधान्य.' त्याखाली काळ्या कोटातली एक हसतमुख बाई: 'परस्पर संमतीने, शांतपणे, सन्मानाने.' घटस्फोटाचा वकील इतका प्रसन्न मी पहिल्यांदा पाहिला.

भाईंना विचारलं. म्हणाले, "मुलगी आलीय ना घरी? तुमचंच वायफाय वापरते?"

"मग काय शेजारच्यांचं वापरेल?"

"मग झालं. एका छपराखालची माणसं यंत्राला वेगवेगळी करता येत नाहीत नीट. एकीचं शोधलेलं दुसरीला दिसतं."

म्हणजे मुलगी समोर बसून पोहे खाते, कोथिंबीर बाजूला काढते, आणि तिची बातमी मला देतं हे. लाज वाटायला हवी कोणाला तरी. मला तर वाटलीच.

१९ डिसेंबर, शुक्रवार

लाज वाटली, तरी बघते. उठल्या उठल्या बघते. आधी देवाला दिवा लावायचे, आता आधी हे.

काल वकील नव्हती. बरं वाटलं. आज एकट्या माणसाची गादी, 'पाठीला आधार'.  मग बायकांची केरळ सहल. केरळ चांगलं म्हणायचं की वाईट? पूर्वी माणसं पत्रिका घेऊन यायची, मंगळ कुठे, शनी कुठे. मी मनात हसायचे. आता मी गादीत काय आहे आणि सहलीत काय आहे ते बघत बसले आहे. त्या ज्योतिष्यांना निदान समोरचा माणूस दक्षिणा देऊन विचारतो.

मृ. म्हणाली, "हल्ली फार मोबाइल बघतेस." म्हटलं, मंडळाचं काम.

२३ डिसेंबर, मंगळवार

पौष लागला, मंडळात शुकशुकाट. विहीणबाईंचा फोन. "पौष आहे, राहू दे माहेरी. पण संक्रांतीच्या आधी पाठवताय ना? लोक विचारतात."

मी म्हटलं, "हो हो, येईल की."

मृ. आत ऑफिसच्या कॉलवर होती. तिला न विचारता मी तिला पाठवूनही मोकळी.

दुपारी ती पुन्हा कॉलवर बसल्यावर मोबाइल हातात घेतला. टाइप करायला जमत नाही, बोलून विचारता येतं. दार लावून घेतलं, आणि त्याच्याशी बोलले. 'मुलीचा संसार कसा वाचवायचा.' मग, 'जावई बोलत नाही उपाय.' मग, 'मुलगी माहेरी आली तर आईने काय करावे.'

उत्तरं काय विचारता. एक बाबा, लिंबू आणि गुरुवार. एक बाई, इंग्रजीत, पाच गोष्टी करा, त्यातली पहिली म्हणजे दीर्घ श्वास. एकाने सांगितलं, जावयाला आवडीचा पदार्थ करून घाला. सहा वर्षं घालते आहे पुरणपोळी. खाऊन गप्पच बसतो.

२७ डिसेंबर, शनिवार

आज माझ्या मोबाइलवर संक्रांतीच्या काळ्या साड्या. एकामागून एक. चंद्रकळा, काठाच्या, बिनकाठाच्या. आनंद झाला. काळी साडी म्हणजे सण, सण म्हणजे हळदीकुंकू, हळदीकुंकू म्हणजे सासर. तिनेच शोधल्या असणार. चालली वाटतं परत. उत्साहात गुळाच्या पोळीचा गूळसुद्धा आणून ठेवला.

मृ.ला सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "काळी साडी घेतेस का यंदा?"

"मला? कशाला?"

दुकानांनी अख्ख्या महाराष्ट्राला दाखवल्या असणार साड्या. मला वाटलं, मलाच निरोप आलाय. विहीणबाईंना हसत होते मी महिनाभर.

३० डिसेंबर, मंगळवार

जमेल तसं लिहिते.

सकाळी चहाला बसलो. तिने तिचा मोबाइल माझ्या कपाशेजारी ठेवला. "वाच." मी चष्मा शोधायचं नाटक केलं. तिने चष्मा काढून हातात दिला.

'तुमचा संसार वाचवा, सात दिवसांत.' 'सासूशी जुळवून घेण्याची कला, ऑनलाइन वर्ग.' 'मुलगी माहेरी? पालकांनो, हे करा.' आणि तो लिंबूवाला बाबा.

"आई, हे मी शोधलेलं नाही."

  भाईंचं यंत्र, एका छपराखाली. तिचं मला येत होतं तर माझं तिला जाणारच, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

"आठवड्यापासून येतंय. मी बघतेय रोज, तुझ्या मनात काय आहे ते. मला परत पाठवायचंय."

"तसं नाही गं."

"मग विचारायचंस ना मला! मी आल्यापासून वाट बघतेय तू कधी विचारशील. तू चहा विचारतेस, पोहे विचारतेस. आणि हे त्याला विचारलंस. दार लावून."

ती ओरडली नाही. माझ्यासारखा तिचाही आवाज रागात खाली जातो.

मग विचारलं एकदाचं. काय झालं? म्हणाली, "काही झालं नाही. तेच. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून तो माझ्याशी बोलत नाही. भांडण नाही, काही नाही. मीठ दे, दार लाव, एवढंच. मी म्हटलं, असतो एकेक स्वभाव."

"मग?"

"मग तुझी जाहिरात आली. सासूबाईंनी त्याला नेऊन दाखवली. मी पिठाच्या हातांनी मागे गेले. मला वाटलं, आता तरी चिडेल. विचारेल, हे काय आहे, का आलं तुला. त्याने वाचली. पूर्ण वाचली, नाश्त्यासकट. आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला. टीव्ही चालू होता, तिकडे बघायला लागला."

मग म्हणाली, "चिडला असता तर मी राहिले असते, आई."

मला एकच विचारायचं होतं, ते विचारलं. त्याच्या आधी तू काही शोधत होतीस का? यंत्राला कळलं होतं का?

"नाही. शपथ नाही. तोपर्यंत डोक्यातसुद्धा नव्हतं. तुझं पान बघायचे, म्हणूनच आली असणार. शोधलं ते सगळं नंतर."

तिने कप उचलून विसळला, आणि कामाला बसली. गूळ फडताळात आत सरकवला मी.

३१ डिसेंबर, बुधवार

भाईंकडे भांडायला गेले. कालचं मृ.चं सगळं सांगितलं. जाहिरात बंद करा म्हटलं, कायमची. मार्चचा मेळावा हँडबिलांवर करू.

"ज्ञानोबा आणि सुनंदाबाईंचं पौष संपला की रजिस्टर लग्न होतंय. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"ते जाहिरातीमुळेच."

"आणि माझी मुलगी घरी बसलीय, तीही जाहिरातीमुळेच."

भाई मशीन पुसता पुसता म्हणाले, "ताई, रागवू नका. तो माणूस वर्षभर बोलत नव्हता. ते काही मी छापलं नाही."

"गप्प बसा."

"बसतो. पण सगळ्यांनी गप्प बसूनच हे झालंय."

आगाऊ माणूस. मृणालचं नाव तिच्या पत्रिकेवर यानेच सोनेरी शाईत छापलं होतं, म्हणून ऐकून घेतलं. चहा न घेता निघाले. वाटेत विचार करत होते, शिव्या कोणाला द्यायच्या. ते यंत्र माझ्या मुलीबद्दल काहीही जाणत नव्हतं. काडीचंही नाही. नेम नाही, हेतू नाही, आंधळ्याने धोंडा भिरकावला तसा. आणि बसला तो नेमका कुठे. जाणून मारला असता तर निदान दोष तरी देता आला असता. नसती आली जाहिरात तर अजून दहा वर्षं ती मीठ देत, दार लावत राहिली असती. हे चांगलं झालं असतं का वाईट, ते मी ठरवू शकत नाही. मला दोन्हीचा राग येतो आहे.

३ जानेवारी, शनिवार

विहीणबाईंचा फोन. उद्या अकराला अमेय येतोय, घेऊन जायला. "त्याने स्वतः म्हटलं का हो?" मी विचारलं. म्हणाल्या, "मीच म्हटलं. तो नाही म्हणाला नाही." मग, "तयार ठेवा तिला."

आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "मला माहीत नाही विहीणबाई. तिला विचारते." 

मृ. दारात उभी राहून ऐकत होती. विचारलं, सरळ. "अमेय येतोय उद्या. तुला जायचंय?"

ती म्हणाली, "तुला काय वाटतं ते आधी सांग. तोंडाने. मग मी सांगते."

मी म्हटलं, तुझा निर्णय तू घे, मी तुझ्या पाठीशी. म्हणाली, "हे मंडळातलं वाक्य झालं. फॉर्म भरून घेताना म्हणतेस तू हे." खरं आहे, म्हणते.

मग म्हटलं, सकाळी सांगते. "बरं," म्हणाली, आणि भाजी निवडायला बसली. मीही बसले. मेथी होती. दोघींनी एक शब्द न बोलता अख्खी जुडी निवडली, आणि माझ्या लक्षात आलं की कात्रजलाही हे असंच चालत असेल.

राहा, असं म्हणायचंय मला. लिहून बघितलं. लिहिता येतंय. पण मी राहा म्हटलं तर तो बिचारा जिना चढून येईल, कोण जाणे उद्या तोंड उघडेलही, आणि त्याच्या आधीच मी दार लावलेलं असेल. आणि जा म्हटलं, तर ती जाईल. वाद न घालता जाईल, माझ्यावर गेली आहे. बॅग भरेल, तो स्टँड घडी करेल, खाली उतरेल, आणि मग पुढे कधीही मी विचारलं, कशी आहेस, तर म्हणेल, बरी आहे, आणि मला चहा विचारेल.